काळा ससाणा आणि ‘पहिला’ हे बिरुद

१/ ‘द माल्टीज फाल्कन’ हा १९४१ चा अमेरिकी रहस्यपट एका चुकीच्या ऐतिहासिक विधानाने सुरू होतो. श्रेयनामावली संपताच पडद्यावर मजकूर येतो. त्याचा आशय असा: १५३९ मध्ये माल्टा बेटावरील टेम्पलर योद्ध्यांनी स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याला रत्नजडित सोन्याचा ससाणा नजराणा म्हणून पाठविला, वाटेत चाच्यांनी जहाज लुटले आणि तो ससाणा कोठे गेला हे गूढच राहिले.

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथेच ठेच लागते. टेम्पलर संघटना पोपच्या आदेशाने १३१२ मध्येच बरखास्त झाली होती. माल्टा मिळाले ते सेंट जॉनच्या हॉस्पिटलर योद्ध्यांना. ऱ्होड्स गमावल्यावर १५३० मध्ये चार्ल्सने त्यांना हे बेट दिले आणि मोबदला ठरविला वर्षाला एक ससाणा. तो पक्षी जिवंत होता. सोन्याचा, रत्नांचा मुळीच नव्हे. गंमत अशी की, चित्रपटातला कॅस्पर गटमन पुढे हीच कथा सांगताना संघटनेचे नाव बिनचूक घेतो. म्हणजे आरंभीचा मजकूर चित्रपटातील पात्रालाच ठाऊक असलेल्या इतिहासाशी विसंगत आहे.

३/ कथेच्या शेवटी हाती येणारा ससाणाही खोटा निघतो. प्रस्तुत थ्रेडचा विषय मात्र या चित्रपटाभोवतीची तिसरी खोटी वस्तू हा आहे: ‘जगातील पहिला फिल्म न्वार’ हे त्याला बहाल झालेले बिरुद. यादी कोणतीही असो, हे बिरुद तेथे असतेच. ते चुकीचे तर आहेच. पण त्याने झालेले खरे नुकसान असे की, या चित्रपटाचे स्वतःचे ऐतिहासिक काम त्याच्याआड झाकले गेले.

४/ प्रथम संज्ञेविषयी. ‘फिल्म न्वार’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘काळा चित्रपट’. आज हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर ठरावीक प्रतिमा येतात: रात्रीचे शहर, ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांतून चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्या, गतकाळाची कबुली देणारा नायकाचा आवाज, त्याला विनाशाकडे नेणारी मोहक स्त्री, आणि सुटका नाही ही जाणीव. १९४० आणि १९५० च्या दशकांतील कित्येक अमेरिकी गुन्हेपटांत यांपैकी काही ना काही आढळते.

५/ आता कथा. सॅन फ्रान्सिस्कोतील खासगी गुप्तहेर सॅम स्पेड (हम्फ्री बोगार्ट) याच्याकडे एक तरुणी काम घेऊन येते. त्याच रात्री त्याचा भागीदार माइल्स आर्चर मारला जातो. तरुणीचे खरे नाव ब्रिजिड ओ’शॉनेसी (मेरी ॲस्टर) असल्याचे दोन खोटी नावे ओलांडल्यावर कळते. मग येतात गटमन (सिडनी ग्रीनस्ट्रीट), जोएल कायरो (पीटर लॉरी) आणि बंदूकधारी पोरगा विल्मर (एलिशा कुक ज्युनिअर). सर्वांना हवा आहे एकच काळा पुतळा. वरच्या काळ्या लेपाखाली सोने आणि रत्ने आहेत अशी सर्वांची खात्री.

६/ गटमनने या पुतळ्यासाठी सतरा वर्षे घालविली आहेत. विल्मर आपल्याला पोटच्या पोरासारखा आहे असे म्हणत म्हणतच तो त्याला पोलिसांपुढे बळीचा बकरा करायला राजी होतो. पुतळा हाती येतो, सुरीने खरवडला जातो आणि आत शिसे निघते. क्षणभर हताश झालेला गटमन लगेच हसू लागतो आणि इस्तंबूलला जाऊन शोध पुढे चालविण्याचे मनसुबे रचतो. खोट्या वस्तूवर आयुष्य उधळलेल्या माणसाला तिचे खोटेपण पचत नाही, हे या दृश्याइतके थोडक्यात क्वचितच कोणी दाखविले असेल.

७/ हा चित्रपट ऑक्टोबर १९४१ मध्ये प्रदर्शित झाला. तेव्हा हॉलिवूडमध्ये कोणीही त्याला ‘न्वार’ म्हटले नाही. निर्मात्यांच्या आणि समीक्षकांच्या लेखी तो खुनाचा रहस्यपट किंवा मेलोड्रामा होता. नामकरण झाले पाच वर्षांनी, तेही पॅरिसमध्ये. ऑगस्ट १९४६ मध्ये समीक्षक निनो फ्रांक यांनी काही अमेरिकी गुन्हेपटांसाठी हा शब्द वापरला. त्याच वर्षाच्या अखेरीस झाँ-पिएर शार्तिए यांनीही तो उचलला. गुन्ह्याचे कोडे सोडविण्यापेक्षा गुन्ह्यात गुंतलेल्या माणसांचे मन या चित्रपटांत महत्त्वाचे आहे, असे फ्रांक यांचे निरीक्षण होते.

८/ हे नामकरण पॅरिसमध्ये का झाले? उत्तर युद्धात आहे. जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपटांवर बंदी होती. युद्धानंतर, मे १९४६ मधील ब्लुम–बर्न्स कराराने फ्रेंच बाजारपेठ हॉलिवूडला मोकळी झाली आणि अडून राहिलेले चित्रपट लोंढ्यासारखे आले. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१), ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘द वुमन इन द विंडो’ (चारही १९४४) हे सर्व पॅरिसच्या प्रेक्षकांनी एकाच उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने पाहिले.

९/ पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला यातला धोका चटकन कळेल. वेगवेगळ्या काळांच्या वस्तू एकाच खड्ड्यात सापडल्या की त्या एकाच वस्तीच्या वाटू लागतात. थर विस्कटले आहेत हे ध्यानी येईपर्यंत निष्कर्ष लिहून झालेला असतो. पॅरिसमध्ये नेमके हेच घडले. अमेरिकी प्रेक्षकाने तीन वर्षांच्या अंतराने, मध्ये शेकडो अन्य चित्रपट पाहून जे अनुभवले, ते पॅरिसने एका दमात पाहिले. साम्य ठळक झाले, अंतर मिटले, आणि पाच चित्रपट मिळून एक चळवळ दिसू लागली.

१०/ शब्दही कोरा नव्हता. १९३८-३९ च्या फ्रेंच वृत्तपत्रांत ‘फिल्म न्वार’ हा प्रयोग आढळतो. तो तेव्हाच्या उदास, नियतीने झाकोळलेल्या फ्रेंच चित्रपटांविषयी आणि बहुधा नापसंतीच्या सुरात केलेला. शिवाय १९४५ मध्ये गालिमार प्रकाशनाने ‘सेरी न्वार’ ही रहस्यकादंबऱ्यांची माला सुरू केली होती. म्हणजे १९४६ मध्ये फ्रांक यांनी एक वापरलेली फ्रेंच पाटी उचलून अमेरिकी दारावर लावली.

११/ पाटी पक्की झाली ती पुढील दोन टप्प्यांत. १९५५ मध्ये रेमाँ बोर्द आणि एतिएन शोमेताँ यांनी अमेरिकी फिल्म न्वारवर पहिला ग्रंथ लिहिला. त्यांच्या कालपटाचा आरंभ १९४१ पासून होतो. १९७२ मध्ये पॉल श्रेडर यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात ‘द माल्टीज फाल्कन’ ते ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) अशी चौकट आखली. इंग्रजीत हा शब्द सर्रास रुळला तो त्याच दशकात. ‘येथपासून येथपर्यंत’ असे सोयीसाठी लिहिलेले वाक्य हळूहळू ‘येथे जन्म झाला’ असे वाचले जाऊ लागले.

१२/ या मांडणीच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करावा लागेल. कालखंड पाडल्याखेरीज इतिहास लिहिता येत नाही, आणि सीमारेषेवर एखादा दगड रोवावाच लागतो. १९४१ सोयीचे वर्ष आहे: दोन महिन्यांत पर्ल हार्बर घडते, अमेरिका युद्धात उतरते, देशाचा सूर बदलतो. पण सीमेवरचा दगड शेताची हद्द दाखवितो. पीक त्यातून उगवत नाही. श्रेडर यांनी दगड रोवला, वाचकांनी त्याला बी मानले.

१३/ ‘पहिला’ शोधायचाच म्हटले तर स्पर्धकही आहे. ऑगस्ट १९४० मध्ये, म्हणजे वर्षभराहून आधी, बोरिस इंगस्टर यांचा ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’ प्रदर्शित झाला. त्यातील दुःस्वप्नाच्या दृश्यात तिरक्या, राक्षसी सावल्या थेट जर्मन अभिव्यक्तिवादातून उतरल्या आहेत. निरपराध माणूस न्यायाच्या यंत्रात सापडतो, साक्षीदार स्वतःच्याच मनाला भिऊ लागतो. यातला खुनी आहे पीटर लॉरी. विनाकारण दोषी ठरलेला तरुण आहे एलिशा कुक ज्युनिअर. पुढल्या वर्षी दोघेही काळ्या ससाण्यामागे धावताना दिसतात.

१४/ उलट ‘द माल्टीज फाल्कन’ न्वारच्या कसोट्यांवर अर्धामुर्धाच उतरतो. त्यात नायकाचे निवेदन नाही, भूतकाळात जाणारी कथा नाही. बहुतेक घटना खोल्यांत घडतात आणि त्या खोल्यांतला प्रकाश पुष्कळदा पुरेसा असतो. छायाचित्रकार आर्थर एडेसन कॅमेरा खाली नेतात, गटमनचे पोट पडदा व्यापते, डोक्यावरचे छत दिसते. पण काळोखाचे साम्राज्य येथे नाही. सावल्या शोधायला बसलेला नवा प्रेक्षक निराश होतो आणि चित्रपट ‘अवाजवी गाजलेला’ ठरवून मोकळा होतो. बिरुदाने केलेला हा पहिला अन्याय.

१५/ दुसरा अन्याय मूळ लेखकावर. ही कथा डॅशिएल हॅमेट यांची. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकात ती सप्टेंबर १९२९ पासून क्रमशः छापली गेली आणि १९३० मध्ये पुस्तकरूपाने आली. हॅमेट यांनी १९१५ ते १९२२ या काळात मध्ये खंड पडत पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. पाळत, खोटी ओळख, पैशासाठी विकली जाणारी निष्ठा हे त्यांनी पगार घेऊन पाहिले होते. चित्रपटातले बहुतांश संवाद कादंबरीतूनच उचललेले आहेत. ज्याला आपण १९४० च्या दशकाचा अंधार म्हणतो, त्याचा मोठा भाग १९२० च्या दशकात लिहून झाला होता.

१६/ तिसरा अन्याय आधीच्या चित्रपटांवर. १९४१ ची आवृत्ती ही वॉर्नर ब्रदर्सचीच तिसरी खेप होती. १९३१ मध्ये रॉय डेल रूथ यांनी याच नावाने चित्रपट केला. त्यात रिकार्डो कॉर्टेझ स्पेडच्या भूमिकेत होते. १९३६ मध्ये विल्यम डिटर्ले यांचा ‘सेटन मेट अ लेडी’ आला. बेटी डेव्हिस असूनही तो फसला. त्यात ससाण्याच्या जागी रत्नांनी भरलेले शिंग होते आणि सगळा मामला विनोदी केलेला होता.

१७/ या दोन चित्रपटांच्या मध्ये एक महत्त्वाची तारीख आहे: १९३४. त्या वर्षाच्या मध्यापासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली हॉलिवूडची नीतिसंहिता, म्हणजे प्रॉडक्शन कोड, कडकपणे राबविली जाऊ लागली. १९३१ च्या चित्रपटातला मोकळा शृंगार आता चालणारा नव्हता; तो पुन्हा प्रदर्शित करण्याची परवानगीच मिळाली नाही. परिणामी पुढच्या पिढीने १९४१ ची आवृत्ती पाहिली आणि आधीची विसरली. ‘पहिला’ ठरण्यात गुणवत्तेइतकाच सेन्सॉरचाही वाटा असतो.

१८/ तिसरी खेप कोणाच्या हाती पडली? जॉन ह्यूस्टन तोवर पटकथालेखक होते. दिग्दर्शनाची ही पहिलीच वेळ. स्पेडची भूमिका जॉर्ज राफ्ट यांना देऊ केली होती. नवख्या दिग्दर्शकाचा आणि जुन्या कथेचा पुनर्निर्मित चित्रपट त्यांनी नाकारला, आणि तोवर प्रामुख्याने गुंडांच्या भूमिका करणाऱ्या बोगार्ट यांचे नशीब उघडले. ग्रीनस्ट्रीट रंगभूमीवर मुरलेले, पण वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचा हा पहिलाच चित्रपट. नव्या युगाची द्वाही येथे कोणी फिरविली नव्हती. स्टुडिओच्या मालकीची जुनी कथा बेताच्या खर्चात पुन्हा वापरली जात होती.

१९/ संहितेच्या बंधनाने एक लाभही झाला. कायरोची लैंगिकता सांगता येईना, म्हणून त्याच्या भेटपत्राला गार्डेनियाचा सुगंध आला. स्पेडचे भागीदाराच्या पत्नीशी असलेले संबंध उघड करता येईनात, म्हणून ते एका आलिंगनावर आणि तुटक बोलण्यावर भागविले. जे बोलता येत नाही ते वस्तूंवर, नजरांवर, अर्धवट वाक्यांवर सोपविण्याची ही रीत पुढे न्वारची भाषाच झाली. तिचे श्रेय एकट्या कलावंताच्या प्रतिभेला देता येत नाही. कात्री लावणाऱ्या कार्यालयाचाही तीत हात होता.

२०/ मग या चित्रपटाचे स्वतःचे काय उरते? उरतो तो शेवट, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. तुलना केल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही. १९३१ च्या आवृत्तीत स्पेड त्या स्त्रीला पोलिसांच्या हवाली करतो. पण नंतर तुरुंगात तिला भेटायला येतो, तिची नीट काळजी घ्या असे बजावतो, आणि स्वतः सरकारी वकिलाच्या कार्यालयात मोठ्या पदावर चढलेला असतो. प्रेमाला थोडा ओलावा, कर्तव्याला बक्षीस. प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

२१/ ह्यूस्टन यांनी हे सांत्वन काढून टाकले. त्यांचा स्पेड ब्रिजिडला समोर बसवून कारणांचा हिशेब मांडतो. भागीदार मारला गेला की काहीतरी करावे लागते, तो कसाही असो. गुप्तहेराच्या धंद्यात साथीदाराचा खुनी मोकळा सोडणे सर्वांनाच घातक. आज सोडले तर उद्या तीच आपल्यावर उलटेल. एका पारड्यात अशी एकेक कारणे पडत जातात. दुसऱ्यात एकच गोष्ट, कदाचित दोघांचे एकमेकांवर प्रेम असेल. आवाज स्थिर राहत नाही, डोळे निवळत नाहीत. तरीही पारडे ठरल्या बाजूला झुकते.

२२/ काही अभ्यासक म्हणतील की, गुन्हेगाराला शिक्षा हा संहितेचाच नियम होता; यात दिग्दर्शकाचे कर्तृत्व काय? आक्षेप वजनदार आहे, पण टिकत नाही. संहिता कडक होण्यापूर्वी लिहिलेल्या कादंबरीतही स्पेड तिला पोलिसांच्या स्वाधीनच करतो. आणि संहितेला शिक्षा हवी होती. शिक्षा करणाऱ्याच्या पदरी काहीच पडू नये, असा तिचा आग्रह नव्हता. स्पेडला खजिना मिळत नाही, स्त्री मिळत नाही, मिळालेले हजार डॉलरही तो पुरावा म्हणून पोलिसांना देतो. ज्या भागीदारासाठी हे सारे केले, त्याच्यावर त्याचा जीवही नव्हता. खुनानंतर लगेच त्याने दारावरील आर्चरचे नाव काढायला सांगितले होते.

२३/ अखेरचे दृश्य आठवावे. लिफ्टचे जाळीदार दार बंद होते, गजांची सावली ब्रिजिडच्या चेहऱ्यावर पडते आणि लिफ्ट खाली जाते. स्पेड शिशाचा पुतळा हातात घेऊन जिन्याने उतरतो. कादंबरीत यानंतर कार्यालयातील एक दृश्य आहे. ह्यूस्टन यांनी ते गाळले. अख्ख्या चित्रपटात सावल्यांचा खेळ मोजकाच असताना येथे तो केला, कारण येथे त्याला अर्थ होता. योग्य तेच केले, आणि त्याने कोणाचेही भले झाले नाही: लोकप्रिय रहस्यपटाच्या प्रेक्षकाला इतक्या कोरडेपणाने हे सांगणे, हे या चित्रपटाचे खरे स्थान.

२४/ ‘डबल इन्डेम्निटी’ने निवेदन आणि नियती आणली, ‘लॉरा’ने वेडी आसक्ती आणली, ‘मर्डर, माय स्वीट’ने रात्र गडद केली. ‘द माल्टीज फाल्कन’ने त्यांच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली: रहस्य उलगडल्यावर व्यवस्था पूर्ववत होते, हा जुन्या गुप्तहेरकथेचा करार त्याने मोडला. यात त्याच्यामागे हॅमेट होते, १९३१ ची खेप होती, फ्रेंच आणि जर्मन पडदा होता, आणि शेजारी १९४० चा विस्मृत स्पर्धक होता. तो साखळीतली मजबूत कडी आहे. त्याला आरंभ म्हटले की बाकीच्या कड्या गळून पडतात.

२५/ ‘पहिला’ हा शब्द इतिहासात मोहक असतो. तो लक्षात राहतो, यादीत बसतो, प्रश्नमंजूषेत गुण देतो. पण तो बहुधा मागाहून, दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच गरजेपोटी चढविलेला लेप असतो. गटमनच्या सुरीचा उपयोग इतिहासाच्या अभ्यासकालाही करता येतो: बिरुद दिसले की थोडे खरवडून पाहावे. फरक एवढाच की, गटमनला लेपाखाली शिसे मिळाले. या चित्रपटाच्या बाबतीत लेप शिशाचा आहे, आणि आतला ऐवज खरा. (समाप्त)